परीक्षा घरी, परीक्षक मुंबईत

नटाची निवड कशी करावी, हा प्रश्न आपल्या रंगभूमीइतकाच जुना आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' उभे केले, तेव्हासुद्धा कोणीतरी कोणाला तरी समोर उभे करून 'बोल पाहू' असे म्हटलेच असेल. संगीत नाटकाच्या काळात आधी गळा ऐकला जाई आणि मग बाकीचे पाहिले जाई. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आलेल्या नारायण राजहंसांचा, म्हणजे पुढच्या बालगंधर्वांचा, गळा हीच त्यांची पहिली ओळख होती; नट म्हणून त्यांना घडविण्याचे काम गोविंद बल्लाळ देवलांसारख्या तालीममास्तरांनी नंतर केले. पुढे बोलपट आला आणि स्टुडिओतली चाचणी आली. पद्धती बदलत गेल्या. पण एक गोष्ट कायम राहिली. परीक्षा देणारा आणि घेणारा एका छपराखाली असत. एकाचा घाम दुसऱ्याला दिसत असे.

हे छप्पर आता उडाले आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, चित्रीकरणे थांबली, आणि पुढे ती सुरू झाली तेव्हा पन्नास-शंभर मुलांना एका खोलीबाहेर रांगेत उभे करणे कोणालाच शक्य नव्हते. नटाने घरीच उभे राहावे, आपल्या फोनवर प्रवेश चित्रित करावा आणि पाठवून द्यावा, ही रीत परदेशांत आणि आपल्याकडेही काही प्रमाणात आधीपासून होती. साथीने तिला नियमाचे रूप दिले. साथ ओसरली, रीत राहिली. आज मालिका असो, चित्रपट असो वा जाहिरात असो, निवडीची पहिली फेरी पुष्कळदा अशा घरगुती चित्रफितीवरच होते. धंद्यातली माणसे तिला 'सेल्फ-टेप' म्हणतात.

आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावातल्या, एकांकिका स्पर्धांवर वाढलेल्या विद्यार्थ्यांना या बदलाकडे त्रयस्थपणे पाहता येणार नाही. आमच्यापैकी काहींच्या आयुष्याची दिशा त्या दोन मिनिटांवर ठरणार आहे. म्हणून या प्रकाराचा थोडा सविस्तर विचार करावा असे वाटते.

याविषयी दोन मते ऐकू येतात. एक मत असे की हे वरदान आहे. दुसरे असे की ही नटाची विटंबना आहे. प्रेक्षक नाही, रंगमंच नाही, असा भिंतीसमोरचा अभिनय हा अभिनयच नव्हे. दोन्ही मतांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. माझे म्हणणे असे आहे की ही पद्धत मुळात आमच्या फायद्याची आहे. पण तिचा सगळा भार एकट्या नटावर पडला आहे, आणि तो भार वाटून घेण्याची जबाबदारी काही अंशी आपल्या महाविद्यालयांची आहे.

आधी फायद्याची बाजू. लातूर, नांदेड, चंद्रपूर किंवा सावंतवाडी येथील मुलाला मुंबईत चाचणी द्यायची म्हणजे काय, हे ज्याने दिली त्यालाच ठाऊक. रात्रभराचा प्रवास, पहाटे दादरला उतरणे, स्थानकावर तोंड धुऊन लोकलने अंधेरी गाठणे, वर्सोव्याच्या आरामनगरमधल्या बैठ्या बंगल्यांच्या दारांवरून फिरणे, रांगेत तीन तास उभे राहणे, आणि दाराशीच 'नॉट फिट' असे ऐकून रात्रीच्या गाडीने परतणे. भाडे गेले, दोन दिवस गेले, घरच्यांचा विश्वासही थोडा गेला. ज्याच्या वडिलांना हे दोनदा परवडले त्याला तिसऱ्यांदा परवडेलच असे नाही. चित्रफितीने हा फेरा वाचविला. गुणवत्तेआड गाडीभाडे येऊ नये, ही काही लहान गोष्ट नव्हे.

दुसरा फायदा बोलीचा. २०१६ साली आलेल्या 'सैराट'ची नायिका अकलूजची होती, आणि तिच्या बोलण्यातला सोलापुरी ठसका हा त्या चित्रपटाचा प्राण होता. नागराज मंजुळे स्वतः त्या मातीतले, म्हणून ते तिथपर्यंत पोहोचले. प्रत्येक दिग्दर्शक असा गावोगाव जाणार नाही. पण गाव आता त्याच्याकडे जाऊ शकते. आपली अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा मराठवाडी बोली मुंबईच्या कचेरीत बसून ऐकता येते. जी बोली आजवर प्रमाण भाषेपुढे संकोचाने गप्प बसायची, ती कोणाला तरी हवी आहे, हा आमच्या पिढीला मिळालेला मोठा दिलासा आहे.

आता कामाचे बोलू. ही चित्रफीत कशी करावी याबद्दल आपल्याकडे विनाकारण भीती आहे. महागडा कॅमेरा लागतो, शहरातला स्टुडिओ भाड्याने घ्यावा लागतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांतल्या काहींचा स्टुडिओ असतो, हेही लक्षात ठेवावे. वास्तविक साधा बरा फोन पुरतो. फोन आडवा धरावा, म्हणजे एखाद्या स्टँडवर किंवा स्टुलावर पुस्तकांची चळत रचून, डोळ्यांच्या उंचीला पक्का ठेवावा. चौकटीत छातीपासून डोक्यापर्यंत माणूस यावा. मागे साधी, फिक्या रंगाची भिंत असावी. नसेल तर सुरकुत्या नसलेली एकरंगी चादर ताणून लावावी. देवांच्या तसबिरी, कॅलेंडर, कपड्यांची दोरी काढून टाकावी. भिंतीला टेकून न राहता दोन-तीन फूट पुढे उभे राहावे, म्हणजे सावली भिंतीवर चढत नाही.

उजेड समोरून हवा. खिडकी पाठीशी घेऊन उभे राहिलेला मुलगा कितीही उत्तम बोलला तरी तो काळी आकृती होऊन बसतो. खिडकी तोंडासमोर घ्यावी. दोन दिवे असतील तर ते डाव्या-उजव्या बाजूंनी थोडे तिरपे ठेवावेत. आपल्याकडची वीज ५० आवर्तनांची असल्यामुळे काही दिव्यांखाली चित्र लुकलुकते किंवा त्यावर आडवे पट्टे सरकतात. फोनमध्ये शटरचा वेग बदलण्याची सोय असेल तर तो सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवावा. नसेल तर सरळ दिवसाच्या उजेडात काम उरकावे. ज्या गावात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तिथे सकाळचा सूर्य हा सर्वांत भरवशाचा प्रकाशयोजनाकार आहे.

खरा घात होतो तो आवाजाचा. चित्र जरा कमीजास्त असले तरी पाहणारा सोसतो. शब्द कळला नाही तर तो पुढे जातो. पंखा बंद करावा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, तेव्हा कॅमेऱ्यात न येणाऱ्या बाजूंना गोधड्या, गाद्या टांगाव्यात. आपल्या आज्यांनी शिवलेल्या गोधडीइतके उत्तम ध्वनिशोषक साधन बाजारात शोधावे लागते. कॉलरला लावायचा लहानसा मायक्रोफोन मिळाल्यास फारच चांगले. आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांची वेळ आधी विचारून घ्यावी.

आरंभी ओळख द्यायची असते: नाव, वय, उंची, गाव, येणाऱ्या भाषा. ही ओळख भिंगात पाहून, हसतमुखाने, पाठांतर म्हटल्यासारखी न करता द्यावी. मग डावीकडून आणि उजवीकडून चेहरा दाखवावा. प्रवेश करताना मात्र, तसे मुद्दाम सांगितलेले नसेल तर, भिंगात पाहू नये. समोरचे संवाद वाचणाऱ्याला भिंगाच्या अगदी लगत उभे करावे आणि त्याच्याकडे पाहून बोलावे, म्हणजे दोन्ही डोळे दिसतात. वाचणारा फोनच्या जवळ असल्याने त्याचा आवाज मोठा येतो; त्याने हळू बोलावे. शेवटी पाठविण्याचा प्रश्न. चांगल्या प्रतीच्या एका मिनिटाच्या चित्रीकरणाला साधारण साठ ते सव्वाशे एमबी जागा लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठविले तर ते दाबले जाऊन धुरकट होते. म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे किंवा ड्राइव्हवर ठेवून दुवा द्यावा. फाइलला आपले व भूमिकेचे नाव द्यावे. 'व्हिडिओ १' या नावाच्या शेकडो फायली त्या कचेरीत आधीच येऊन पडलेल्या असतात.

एवढे सगळे दोन संध्याकाळींत शिकता येते. म्हणूनच त्याला यापेक्षा जास्त महत्त्व देऊ नये. भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. दिवे, पडदा, कपडे ही आहार्याची बाजू झाली. निवड करणारा माणूस तिच्यासाठी फीत उघडत नाही. त्याला पाहायचे असते ते सात्त्विक, म्हणजे आतून उमटून डोळ्यांत आलेले काहीतरी. आणि ते चार फुटांवरच्या भिंगाला लपविता येत नाही.

इथे आम्हां स्पर्धावाल्यांची एक अडचण सांगितली पाहिजे. 'पुरुषोत्तम'ची परंपरा १९६३ पासूनची. तिने आणि राज्य नाट्य स्पर्धेने महाराष्ट्राला किती नट दिले हे सांगायला नको. पण तिथे शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोहोचायचे असते. आवाज फेकायचा, हात मोकळे करायचे, विरामाला टाळी घ्यायची, हे सगळे अंगात मुरलेले असते. तेच भिंगासमोर केले की ओरडल्यासारखे दिसते. याचा अर्थ रंगमंचाचे शिक्षण वाया गेले असा नाही. शब्दावरची पकड, श्वासावरचा ताबा, भूमिकेचा आलेख या गोष्टी रंगमंचच शिकवितो. फक्त शेवटची रांग आता चार फुटांवर आली आहे, एवढे ध्यानात घ्यायचे. भावना कमी करायची नाही. तिचे अंतर कमी करायचे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. घरच्या चित्रफितीत दिव्यापेक्षा आणि कॅमेऱ्यापेक्षा मोठी उणीव असते ती समोरच्या माणसाची. अभिनय म्हणजे बोलणे जितके, तितकेच ऐकणे. समोरून वाक्य आले, ते लागले, आणि त्यातून आपले वाक्य निघाले, अशी ती साखळी असते. १९८२ साली आलेल्या 'गांधी' चित्रपटासाठी रोहिणी हट्टंगडी यांची चाचणी लंडनला झाली, तीही बेन किंग्स्ले यांच्यासमोर. कस्तुरबा एकटीने बोलून कळल्या नसत्या. त्या गांधींकडे कशा पाहतात हे पाहणे आवश्यक होते. त्या चाचणीत समोर नट होता. आमच्या चाचणीत समोर कोण असते? दहावीतला भाऊ, खोलीवरचा मित्र, किंवा आई. मुलाने प्रेमाचा प्रवेश करायचा आणि नायिकेची वाक्ये आईने चष्मा लावून, बातम्या वाचाव्यात तशी वाचायची, हे घरोघर घडते. त्यात आईचा दोष नाही. तिने पोळ्या बाजूला ठेवून मुलासाठी वेळ काढला, हेच खूप. पण त्या प्रवेशाचे जे व्हायचे ते होते.

मुलींची स्थिती याहून अवघड. दोन खोल्यांचे घर, त्यात पाच-सहा माणसे, भिंतीपलीकडे शेजार. तिला आलेला प्रवेश असा की नवऱ्याशी कडाक्याचे भांडण करून रडत बाहेर पडणारी बाई. हा प्रवेश ती कुठे करणार? ओरडली तर शेजारी धावून येतील. दबक्या आवाजात केला तर प्रवेश मरतो. प्रियकराची वाक्ये वाचायला मित्राला घरी बोलवावे तर वेगळाच प्रवेश सुरू होतो! 'घरी चित्रित करा' असे लिहिणाऱ्याने प्रत्येकाच्या घरात एक रिकामी, शांत, दार लागणारी खोली गृहीत धरलेली असते. ती खोली ज्याच्याकडे आहे तो निम्मी परीक्षा आधीच पास झालेला असतो. गाडीभाड्याची भिंत पडली खरी, पण तिच्या जागी खोलीची भिंत उभी राहिली. या नव्या भिंतीबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

आणि खर्चाचे काय? पूर्वी स्टुडिओतल्या चाचणीचा कॅमेरा, फिल्म, दिवे, माणसे यांचा भार निर्मात्यावर असे. आता नट स्वतःच छायाचित्रकार, ध्वनिमुद्रक, नेपथ्यकार आणि संकलक झाला आहे, तोही बिनपगारी. रात्री दहा वाजता निरोप येतो: चार पानांचा प्रवेश, उद्या सकाळपर्यंत पाठवा. परगावी वसतिगृहात राहणाऱ्या आणि सकाळी कॉलेज, दुपारी नोकरी करणाऱ्या मुलाने काय करावे? अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने २०२३ साली ११८ दिवसांचा संप केला, त्यातल्या मागण्यांत या घरगुती चाचणीचाही समावेश होता. पहिल्या फेरीला जास्तीत जास्त आठ पाने, किमान ४८ तासांची मुदत, अशा तरतुदी त्यांनी करारात लिहून घेतल्या. हॉलिवूडच्या नटाला जे मागावेसे वाटले ते आपल्या नवख्या मुलाला तर शतपट लागते. पण तो कोणत्याच संघटनेचा सभासद नसतो, आणि नाही म्हटले तर संधी जाईल या भीतीने तो रात्रभर जागतो.

आणखी एका गोष्टीची मला खंत वाटते. फीत पाठविल्यावर पलीकडून काहीच येत नाही. आरामनगरच्या दारातले 'नॉट फिट' हे शब्द निष्ठुर होते. पण ते उत्तर होते. ते ऐकून मुलगा निदान चहा पिऊन गाडीत बसत असे. आता तो फोनकडे पाहत बसतो. निवड करणाऱ्यांकडे शेकडो फिती येतात, प्रत्येकाला उत्तर देणे जमणार नाही, हे मान्य. पण पहिल्याच निरोपात 'अमुक तारखेपर्यंत कळविले नाही तर निवड झाली नाही असे समजावे' एवढे एक वाक्य लिहायला काय लागते? एका वाक्याने शेकडो मुलांची झोप परत येईल.

याच गैरसोयीचा फायदा घेणारे लोकही निघाले आहेत. चाचणीसाठी 'नोंदणी शुल्क' मागणारे, ओळखपत्राचे पैसे घेणारे, मुलींकडून प्रवेशाशी संबंध नसलेली, भलत्याच कपड्यांतली चित्रे मागणारे. याबाबत एकच नियम पुरे आहे: कामाचे पैसे नटाला मिळतात, नट देत नाही. आणि जे चित्र चारचौघांत दाखविता येणार नाही ते अनोळखी माणसाला पाठवायचे नाही. पाठविलेली फीत परत येत नसते.

मग करायचे काय? मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर मुंबईत नसून आपल्या आवारात आहे. प्रत्येक कला महाविद्यालयाने एक खोली द्यावी. भव्य स्टुडिओ नको. दार लागणारी, शांत, दुपारनंतर रिकामी असणारी वर्गखोली पुरे. तिला एक राखाडी पडदा, दोन दिवे, फोनचा एक स्टँड, एक मायक्रोफोन आणि आवाज घुमू नये म्हणून जाड पडदे. स्नेहसंमेलनाच्या मांडवावर आणि रोषणाईवर जो खर्च होतो त्याच्या एका कोपऱ्यात हे सारे बसेल, आणि मांडव दोन दिवसांत उतरतो, ही खोली वर्षानुवर्षे राहील. तिच्या किल्लीची आणि वेळापत्रकाची नोंदवही नाट्यमंडळाने ठेवावी, आणि मुलींना तिथे निर्धास्तपणे काम करता येईल अशी व्यवस्था प्राध्यापकांनी पाहावी.

पण खोलीपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाचक. नाट्यमंडळातल्या प्रत्येकाने दुसऱ्यासाठी समोर उभे राहण्याची सवय लावून घ्यावी. आज मी तुझी वाक्ये देतो, उद्या तू माझी दे. यात देणाऱ्याचाही लाभ आहे. कारण क्यू नीट देणे म्हणजे ऐकायला शिकणे, आणि ऐकायला शिकला तो अर्धा नट झाला. एकाच भूमिकेसाठी दोघांना निरोप आला असेल तरीही हे करावे. तिथेच मंडळाची खरी कसोटी आहे. मराठी विभागाने उच्चार आणि बोली यांसाठी हातभार लावावा. कोणत्या प्रवेशात कोणत्या गावचे 'नाय' आणि कोणत्या गावचे 'न्हाई' हवे, हे आमच्या प्राध्यापकांइतके कोण सांगणार?

आणि त्या खोलीच्या दारावर एक पाटी लावावी: तीनपेक्षा जास्त वेळा नाही. रंगमंचावर प्रयोग एकदाच होतो, म्हणून तो जिवंत असतो. फोनवर चाळीस वेळा पुसता येते, म्हणून मुलगा चाळीस वेळा करतो, आणि चाळिसाव्यांदा वाक्य निर्दोष होते, माणूस निघून गेलेला असतो. प्रवेश नीट वाचावा, समजून घ्यावा, समोरच्याकडे पाहून दोन-तीनदा करावा, त्यांतला बरा पाठवावा आणि विसरून जावे. दुसऱ्या दिवशी तालमीला वेळेवर यावे. निवड करणाऱ्याचा निरोप येवो न येवो, पुढच्या महिन्यात एकांकिका आहे, आणि तिथे प्रेक्षक समोर बसलेला असणार आहे.